आत्याबाईचं मीठ

माह्या हाताले मीठ कमी. हे मी नाई म्हनत, माही सासू म्हनते. लगन होऊन आठ वर्सं झाले, तरी रोज पहिला घास तोंडात गेला की वच्छलाबाईचं सुरू. "सीमे, मिठाले का कुलूप लावलं व्हय? टाकत जाय ना हात सोडून!" पाहुने बसलेले असोत, इहीन बसलेली असो, बुढी बोलल्याबिगर राह्याची नाई. मीही काही गप बसनाऱ्यातली नाई. "आत्याबाई, तुमची जीभच जाड झाली," असं म्हनून मिठाची वाटी त्यायच्या ताटाजवळ ठनकन आपटाची.

म्हनून श्रावनात त्यायनं मीठ सोडलं, तवा मले पहिले बरंच वाटलं. खोटं काहून बोलू? म्हनलं, चला, सुटला जीव.

काहून सोडलं, हे कोनी इचारलं नाई, त्यायनं सांगतलं नाई. नवस बोलून दाखवला की फळत नाई, असं आमच्या इकडं मानतेत. पन घरात समद्यायले मालूम होतं. मले तिसरा महिना लागला होता. याच्या आंधी माहे दोन गेले होते, एक तिसऱ्या महिन्यात, एक पाचव्यात. त्याच्याबद्दल आत्याबाई माह्याजवळ कधी एक शब्द बोलल्या नाई. मले वाटे, बुढीले काही वाटतच नसन. माह्या मायनं चार दिवस रडून काढले होते, अन् ही बाई तिसऱ्या दिवशी इळा घेऊन निंदाले गेली होती. तो राग माह्या मनात होता, अजूनही पुरा गेला असं नाई म्हनत.

तं भाजी शिजली की मीठ टाकाच्या आंधी त्यायची वाटी काढून ठेवाची, असं सुरू झालं. भाकर अळणी, वरन अळणी. लोनचं बंद, पापड बंद, ठेचा बंद. भादव्यात त्यायले भोवळ आली. बाळापूरच्या डॉक्टरनं बीपी हाय म्हनलं, लघवी साफ व्हाची गोळी देली अन् मीठ कमी करा म्हनून सांगतलं. नवसाचं त्याले कोन सांगते? बाहेर आल्यावर माहे सासरे वामनराव, म्हनजे मामाजी, हसून म्हनले, "पाह्य, देवाचंही झालं अन् डॉक्टरचंही झालं." आमी समदे हसलो. आत्याबाईही हसल्या.

अन् त्याच साली गावात फिल्टरच्या पान्याची मशीन बसली. आमचं गाव बाळापूरच्या उत्तरेले, पूर्णा नदीच्या आंगानं. जमीन काळी कुळकुळीत, कापूस म्हना, तूर म्हना, हरभरा म्हना, पाह्यत राहावं असं पीक. पन इहिरीचं पानी खारं. साबनाले फेस येत नाई, चहाले चव येत नाई. उन्हाळ्यात वावराच्या बांधाधुऱ्यावर पांढरी खपली धरते. याले खारपानपट्टा म्हनतेत. पिढ्यानपिढ्या लोकायनं थेच पानी पेलं. पन आता मी पोटुशी, म्हनून माहा नवरा कुलदीप रोज मोटरसायकलवर फिल्टरच्या पान्याची कॅन आने. (नवऱ्याचं नाव घेतलं की आत्याबाई डोळे वटारतेत. वटारू द्या.) घरात समद्यायले थेच पानी. गोड, हलकं. आत्याबाई म्हनत, "बाप्पा, कितीही पेलं तरी पोट भरत नाई या पान्यानं."

घट बसले त्याच दिवशी आमची कापसाची पहिली येचनी होती. पहिल्या येचनीले आमी वावरात सीतादही करतो. पऱ्हाटीच्या बुडाशी पाच खडे मांडाचे, हळदकुकू लावाचं, दहीभात शिंपडाचा, मंगच बोंडाले हात लावाचा. हे काम आत्याबाईचं. त्या दिवशी त्यायनं दहीभात शिंपडला, अन् दोन पावलं चालून पुन्हा शिंपडला, अन् पुन्हा. मी म्हनलं, "झालं ना आत्याबाई." तं माह्याकडं पाह्यलं, जशी मी दुसऱ्याच गावची.

त्यायच्यासारखी येचनारी आमच्या शिवारात नाई. दोन्ही हात चालतेत, बोंडात धागा राह्यत नाई, कापसात पालापाचोळ्याचं एक पान सापडत नाई. दुपारी ऊन मरनाचं तापलं. बाया कमरेच्या झोळ्या, म्हनजे ओटे, सोडून कापूस गाठोड्यात टाकून राहिल्या होत्या. आत्याबाईनं कमरेचा ओटा सोडला अन् त्यातून निंगाले हिरवे बोंडं. कच्चे, दगडासारखे, पानासगट तोडलेले.

"अवं माय! हे काय वं आत्याबाई?"

"वांगे होत," त्या शांतपनानं म्हनल्या. "भरून करजो. कोवळे हायेत."

बाया हसल्या. मीही हसली. मंग आत्याबाई पऱ्हाटीच्या दोन ओळींमधल्या तासात बसल्या अन् भडभडा ओकल्या, नुसतं पानीच पानी, अन् मंग कोनी हसलं नाई.

घरी आनलं. डोकं दुखते म्हनत होत्या. उन्हाचं झालं असन म्हनून मीच पाजलं पानी, तांब्यावर तांबे. कॅनचं पानी. जे त्यायले बुडवून राह्यलं होतं थेच मी पाजत होती, अन् वरून म्हनत होती, "प्या आत्याबाई, प्या, बरं वाटन."

दुसऱ्या दिवशी त्या घटापाशी जाऊन बसल्या. उठतच नव्हत्या. मी सारवून राहिली होती, तं मांगून आवाज आला, "उन्हात नको खेळू माय. ये, सावलीत ये. भावाले बी आन."

मी वळून पाह्यलं. अंगनात कोनी नव्हतं, नुसती कोंबडी होती.

"कोनासंग बोलता आत्याबाई?"

"हे दोघं ना. सीमीचे. पोरगी समजदार हाय. पोट्टं लय द्वाड, मातीच खाते." अन् हात पुढं करून त्यायनं हवेतल्या हवेत कोनाचं तरी तोंड पुसलं. पदराच्या टोकानं, अल्लाद, जसं खरंच एक हनुवटी हातात धरली हाय.

माह्या हातातलं पोतेरं गळून पडलं. दुसरा पोरगा होता, हे मले दवाखान्यातल्या नर्सनं सांगतलं होतं. मी घरी कोनाले सांगतलं नव्हतं. नवऱ्यालेही नाई. मंग ह्या बाईले कसं मालूम?

तेवढ्यात शेजारची इंदूबाई आरतीचं ताट घेऊन आली. तिच्या डोळ्यांसमोरच आत्याबाईचं अंग ताडताड उडालं. डोळे वर गेले, दातखिळी बसली, तोंडातून फेस आला. इंदूबाईनं ताट खाली ठेवलं अन् लोटांगन घातलं. "आली! माय आली! वच्छलाच्या अंगात माय आली!"

झालं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून अंगनात चपलाच चपला. कोनी ओटी भरते, कोनी पाय धुते, कोनी पोट्ट्याच्या नोकरीचं इचारते, कोनी जावयाच्या दारूचं. आत्याबाई तोंडाले येईन थे बोलत. कोनाले म्हनत "बैल सोड," कोनाले म्हनत "दिवा इझला." लोकं थेच कपाळाले लावून जात. अन् मामाजी! चाळीस वर्सं ज्या बायकोवर चहा थंड झाला म्हनून खेकसले, तिच्यासमोर टोपी काढून हात जोडून उभे. मान खाली. मले असं कसंतरी झालं म्हनून सांगू, हसाव का रडाव कळेना. कुलदीप म्हने, "अंगातलं ऊन निंगालं की उतरन." पन त्याचाही आवाज लहान झाला होता.

आता मी काय केलं थे सांगतो. लपवून काय फायदा?

मी बारावी शिकली हाय. अंगात येनं-फिंगात येनं मी मानत नाई, असं तोंड वर करून सांगत होती. मले पहिल्याच दिवशी वाटलं होतं की बुढीले दवाखान्यात न्याव. पन ते दोघं लेकरं! ते त्यायले दिसत होते. अन् मले पाचवा लागला होता. ज्याले ते दिसतेत, त्याले हे पोटातलंही दिसत असन, असं माह्या मनानं घेतलं. एक पुरा दिवस मी थांबली. दवाखान्याचं नाव काढलं नाई. समद्या बाया जाईलोक वाट पाह्यली अन् मंग आत्याबाईसमोर जाऊन बसली. ओटी भरली. पाय धरले.

"माय," मी म्हनलं. जलमात पहिल्यांदा सासूले माय म्हनलं. "माहं हे जगन का?"

त्यायनं लय येळ पाह्यलं माह्याकडं. डोळे असे होते, जसे घरात दिवा हाय पन मानूस नाई.

"तू कोन वं?" त्या म्हनल्या. "कोनाची?"

"मी सीमा."

"पानी दे."

बस. एवढंच. अन् मंग मले दिसलं की त्यायचं लुगडं ओलं होऊन राह्यलं, बसल्या जागी, पाटावरून धार घटाकडं चालली. त्यायले पत्ता नव्हता. ही बाई, जिनं आठ वर्सांत मले आपली पाठ घासू देली नाई! माहे डोळे उघडले. देवी काही आपलं लुगडं ओलं करत नाई. ही माही सासू होती अन् ती आजारी होती, अन् मी तिले भविष्य इचारत बसली होती.

मी उठली. लुगडं बदललं. कुलदीपले म्हनलं, "गावातल्या पिंटूची गाडी बोलाव. आता. अकोल्याले न्याचं."

इंदूबाईनं वाट अडवली. "घट बसलेत, नऊ दिवस मायले वेशीबाहेर नेता येत नाई. कोप होईन. तुह्या पोटात हाय, जरा इचार कर वं!"

पाहा, वार कुठं केला थे! माहे पाय जाग्यावरच रोवले. कुलदीप बापाकडं पाहाले लागला. मामाजीनं टोपी झटकली, डोक्यावर घातली.

"ने पोरी," ते म्हनले. "देवी असन तं तिची ती वापस येईन, तिले कोन अडवते? पन ही माही बायको हाय. ही गेली तं येनार नाई."

अकोल्याच्या दवाखान्यात तरनी डॉक्टरीन होती, अश्लेषा मॅडम. पहिले डोक्याचा फोटो काढला. मार नाई, गाठ नाई, रक्त सांडलेलं नाई. घरात आंधी कोनी मनोरुग्न होतं का, इचारलं. मामाजी म्हनले, "नाई जी. माही बायको येडी नाई." मंग रक्त नेलं. तासाभरानं मॅडम पळतच आल्या.

"आजी मीठ किती खातात?"

मामाजीनं कुलदीपकडं पाह्यलं. कुलदीपनं खाली. नवस बोलून दाखवाचा नसते ना! मामाजी हळूच म्हनले, "खाते आपलं, समद्यायसारखं." मी त्यायच्याकडं पाह्यलं. म्हातारा हातातली टोपी पिळून राह्यला होता. बायकोले वाचवाले आनलं अन् नवस मोडू नाई म्हनून खोटं बोलून राह्यले. दोन्हीकडून त्यायलेच फासा.

"नाई खात," मी म्हनलं. "दोन महिने झाले, एक कन नाई. तिची वाटी मीच काढतो."

मॅडमनं गोळीचं पाकीट पाह्यलं, पान्याचं इचारलं, अन् खुर्ची ओढून आमच्यासमोर बसल्या. "यांच्या रक्तातलं मीठ फार खाली गेलंय. एकशे पस्तीसच्या वर पाहिजे, एकशे आठ आहे. मीठ कमी पडलं की पाणी मेंदूत शिरतं, मेंदू सुजतो. म्हणून ते झटके, म्हणून ते भास. अंगात कोणी आलेलं नाही आणि वेडही लागलेलं नाही. मी बीपीला मीठ कमी करा म्हणते, बंद करा नाही म्हणत. त्यात ही लघवीची गोळी, त्यात एवढं पाणी."

"मीठ?" मामाजी म्हनले. "नुसतं मीठ?"

"नुसतं मीठ."

माय वो! ज्याच्यासाठी मी वाटी आपटत होती थे मीठ? त्यानं मानसाची ओळख जाते? चाळीस वर्सांचा नवरा जाते, सून जाते, लाज जाते, अन् मेलेले लेकरं अंगनात येतेत? मी माह्या हाताकडं पाह्यत राह्यली.

मामाजी काही मानेनात. "मॅडम, कुलदीप पोटात होता तवाही हिनं मीठ सोडलं होतं. पुरे नऊ महिने. भरल्या उन्हात वखरामांगं चालली. काही नाई झालं. मंग आताच काहून?"

"तेव्हा पाणी कुठलं प्यायच्या?"

"इहिरीचं. आमच्या वावरातलं."

मंग मामाजीच्याच ध्यानात आलं. ते उठून उभे राह्यले. "खारं," ते म्हनले. "आमचं पानी तं खारं हाय जी." पुन्हा खाली बसले अन् तोंडावर दुपट्टा घेतला. ज्या इहिरीले जलमभर शिव्या देल्या, तिनंच नऊ महिने बायको सांभाळली होती, कोनाले न सांगता, घोटाघोटानं. आमच्या जमिनीत मीठ, पान्यात मीठ, धुऱ्यावर मीठ, अन् आमच्याच घरची बाई मिठावाचून पडली होती.

हाताले सलाईन लावलं, मिठाचं. मी म्हनलं, मोठी बाटली लावून टाका अन् लवकर चढवा. मॅडम म्हनल्या, "घाई केली तर मेंदूलाच इजा होते. रोज थोडंच. मोजून."

मंग सुरू झालं थे वाट पाह्यनं. रोज रक्त नेत अन् रोज आकडा येई. एकशे पंधरा. एकशे बावीस. अन् जसा आकडा चढे तशी आत्याबाई वापस येई. जलमात असं काही पाह्यलं नाई मी. एका दिवशी त्यायनं अंगावरचा दवाखान्याचा कपडा चिमटीत धरला अन् म्हनल्या, "हे कोनाचं वं?" म्हनजे लाज आली वापस. मंग मामाजी आत आले तं पदर शोधाले हात डोक्याकडं गेला. म्हनजे नवरा आला. मंग म्हनल्या, "कापूस भिजला तं नाई?" म्हनजे वावर आलं. कुठं गेलं होतं हे समदं? कोनं ठेवलं होतं सांभाळून? मी खाटेपाशी बसून थेंब पडताना पाह्यत राहाची. एक एक थेंब, अन् त्याच्यात माही सासू.

पन ते लेकरं. दुसऱ्या दिवशीलोक त्या खाटेच्या पायथ्याकडं पाहून हसत, हात हालवत. मीही तिकडं पाहाची, उगीच. तिसऱ्या दिवशी त्यायनं पायथ्याकडं पाह्यलं, इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं, अन् मंग डोळे मिटून घेतले. मले रडू फुटलं. दोनदा गेले होते माहे, हे तिसऱ्यांदा गेले.

त्याच दुपारी मामाजीनं सांगतलं. पाचव्या महिन्यातल्या त्या लेकराले आत्याबाईनंच आपल्या नव्या लुगड्याचा तुकडा फाडून गुंडाळलं होतं, अन् वावरात सीतादहीचे खडे मांडतेत त्याच तासाच्या टोकाले पुरलं होतं. तिसऱ्या दिवशी इळा घेऊन गेली होती ती निंदाले नाई, त्याच्यापाशी बसाले गेली होती. आठ वर्सं एका चुलीवर जेवलो आमी. मले काहीच मालूम नव्हतं.

दसऱ्यानंतर घरी आनलं. मॅडमनं ती गोळी बंद केली, दुसरी देली, जेवन नेहमीसारखं मिठाचं करा म्हनून बजावलं, आठ दिवसांनी रक्त दाखवाले सांगतलं. आत्याबाईले त्या दिवसांतलं काही आठवत नव्हतं. आमीही सांगतलं नाई.

पहिल्याच दिवशी मी वांग्याची भाजी केली, भाकरी केल्या, ताट वाढलं. आत्याबाईनं ताट सरकवलं.

"माही वाटी?"

"आता वाटी-फाटी नाई. डॉक्टरीननं सांगतलं हाय."

"तिले काय मालूम? मले अळणी दे."

मामाजी समजावून थकले. कुलदीप ओरडला, मंग हात जोडले. बुढी भितीकडं तोंड करून बसली. दोघं बाहेर गेल्यावर मी जवळ बसली. त्यायनं माहा हात धरला. हाडंच लागले मले.

"सीमे, पाळन्यात लेकरू पडेलोक मी मीठ खानार नाई. मांगच्या दोन्हीले मी काहीच सोडलं नव्हतं. मले लोनच्याचा मोह होता वं! म्हनून गेले ते." त्या रडून राहिल्या होत्या. "मी येडी झाली तं होऊ दे. मेली तं मरू दे. माहं झालं आता. तुहं पोट भरलेलं राह्यलं पाह्यजे."

काय बोलाव या बाईले? म्हनजे एवढे वर्सं ही स्वताले खुनी समजत होती, अन् मी तिले दगड. डॉक्टरीननं सांगतलेलं मी पुन्हा सांगतलं असतं, इहिरीचं सांगतलं असतं, त्यायनं ऐकलं नसतं. मले दिसत होतं, महिनाभरात ही पुन्हा त्या पाटावर बसन अन् मले इचारन, तू कोन वं.

मी म्हनलं, "आत्याबाई, नवस फिटला तुमचा."

"काय म्हनतं?"

"नवरात्रात तुमच्या अंगात आलं होतं. पुऱ्या गावाले इचारा, इंदूबाईले इचारा. मी तुमची ओटी भरली अन् पाय धरून इचारलं, माहं जगन का? तं तुमी म्हनल्या, जगन. आता मीठ खा म्हनावं वच्छलेले, असं म्हनल्या."

त्या माह्याकडं पाह्यत राह्यल्या. आता डोळ्यांत मानूस होतं, पुरं. त्या डोळ्यांसमोर खोटं बोलनं सोपं नव्हतं.

"मी म्हनलं असं? माह्या तोंडानं?"

"हाव."

"पोटावर हात ठेवून सांग."

चुलीवर तवा तापून धूर निंगत होता. मी त्याच्याकडं पाह्यलं. दोन गेलेले डोळ्यांसमोर आले. इंदूबाई आठवली. कोप, शपथ, देवी, मी काहीच मानत नाई ना? मंग हात काहून उचलत नव्हता माहा? मी मनात म्हनलं, बाप्पा, तू पोटात हायेस, तुही आजी बाहेर हाय. मले दोघंही पाह्यजेत. खोटं माहं हाय, तुले नको लागो.

मी हात पोटावर ठेवला. "तुमी म्हनल्या, जगन."

आत्याबाईनं डोळे पुसले. ताट जवळ ओढलं. भाकरीचा तुकडा मोडला, रश्शात बुडवला, तोंडात टाकला अन् लय येळ चावत राह्यल्या.

"सीमे," त्या म्हनल्या.

"काय वो आत्याबाई?"

"मीठ कमी हाय."

मी उठली, फळीवरची वाटी आनली. या खेपेले आपटली नाई. चिमूट चिमूट करून त्यायच्या ताटात टाकलं, अन् त्या जेवून उठेलोक एक हात पोटावर ठेवून तिथंच बसून राह्यली.